पातेले एकच, ताटे चार

प्रश्न : मी सांगलीची, वय ४७. घरात आम्ही चौघे. यजमानांचे वय ५३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. नुकत्याच झालेल्या तपासणीत त्यांचे ट्रायग्लिसराइड २६० आले आणि सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचे फॅटी लिव्हर निघाले. मधुमेहाची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. डॉक्टरांनी ‘तेलकट कमी करा’ एवढेच सांगितले. त्यांना दिवसातून तीनदा साखरेचा चहा आणि दुपारच्या चहाबरोबर खारी लागते, शिवाय शनिवारी मित्रांबरोबर ‘बसणे’ असते. मुलगा २० वर्षांचा आहे, जिमला जातो, भाकरी-भात सोडून रोज २०० ग्रॅम पनीर खातो आणि त्याला कीटो म्हणतो. सासूबाई ७६ वर्षांच्या, वजन जेमतेम ४१ किलो, दातांमुळे मऊ लागते आणि फोडणीशिवाय घास उतरत नाही. नणंदबाई म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा; शेजारच्या वहिनी म्हणतात, थोड्या थोड्या वेळाने खा आणि तूप सोडू नका. मी महिनाभर बिनतेलाचा स्वयंपाक करून पाहिला. यजमान बाहेरून वडापाव खाऊन येऊ लागले आणि सासूबाई ताटावरून अर्धपोटी उठू लागल्या. आता मी तीन वेगवेगळे स्वयंपाक करते आणि उरलेले मीच संपवते. महिन्याला तेलाच्या लिटरच्या पाच पिशव्या लागतात. घरच्या सायीचे अर्धा किलो तूप निघते, ते काही मोजत नाही. कमी तेलात चवीचा स्वयंपाक होतो का, आणि या सगळ्या डाएटपैकी खरे कोणते मानायचे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी एक विनंती आहे, ती अशी की उद्यापासून तीन स्वयंपाक करणे थांबवावे. चार माणसांच्या घरात रोज तीन वेगळ्या भाज्या शिजवणारी बाई फार दिवस टिकत नाही, आणि टिकली तरी काय होते ते तुम्ही पाहतच आहात: पथ्य कुणाचेच नीट होत नाही आणि उरलेसुरले सगळे स्वयंपाक करणारीच्या पोटात जाते. भाजी, आमटी आणि भाकरी सर्वांसाठी एकच करावी, ती कमी तेलात करावी, आणि कुणाला किती तूप, किती कूट, किती भात हे पातेल्यात न ठरवता ताटात ठरवावे. आपली वाढण्याची पद्धत मुळातच या सोयीची आहे. वरणभातावरचे तूप चमच्याने, माणूस पाहून वाढले जाते. ते वरणाच्या पातेल्यात कुणी आधीच ओतून ठेवत नाही.

आता तेलाचा हिशेब. लिटरच्या पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते (हल्ली लिटरसारख्या दिसणाऱ्या सगळ्याच पिशव्या लिटरच्या नसतात, तेव्हा पिशवीवरचा ग्रॅमचा आकडा वाचून घ्यावा). पाच पिशव्यांचे साडेचार किलोंहून थोडे अधिक तेल चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले की माणशी रोज ३८ ग्रॅम येते. तूप घरच्या सायीचे आहे म्हणून तुम्ही ते मोजत नाही, ही आपल्याकडची जुनीच सवलत आहे. परंतु शरीर विकतचे आणि घरचे असा भेद करत नाही, आणि त्या अर्ध्या किलोचे माणशी रोज ४ ग्रॅम धरले की बेरीज ४२ वर जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींचे जे नमुना ताट दिले आहे, त्यात दिवसभराचे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. चार माणसांसाठी महिन्याचा हिशेब केला तर तो जवळजवळ बरोबर तीन पिशव्या तेल आणि तुमचे तेच अर्धा किलो तूप एवढा भरतो. म्हणजे तुम्हाला तेल बंद करायचे नाही, पाचाच्या तीन पिशव्या करायच्या आहेत, आणि हे काम बिनतेलाच्या स्वयंपाकापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

बिनतेलाचा महिना फसला याचे तुम्ही स्वतःला वाईट वाटून घेऊ नये, कारण तो फसणारच होता. मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, लसूण यांचा वास गरम तेलात उतरतो. नुसत्या पाण्यात टाकलेला कढीपत्ता ही केवळ पानेच राहतात. पालेभाजी आणि गाजरातले कॅरोटीन अंगी लागायलाही जेवणात थोडी स्निग्धता लागते. अडचण फोडणीत नसून ती ज्या भांड्यात केली जाते त्यात आहे. मोठ्या कढईच्या तळाशी एक चमचा तेल घातले की ते पसरून पातळ होते, मोहरी त्यात बुडत नाही, तडतडत नाही, नुसती करपते. म्हणून हात आपोआप आणखी तेल ओततो. तेच एक चमचा तेल लहान लोखंडी पळीत घेतले तर मोहरीभर उंचीचे होते आणि फोडणी खमंग बसते. चौघांच्या वरणाला, उसळीला किंवा कोशिंबिरीला अशी पळीतली फोडणी शेवटी वरून द्यावी आणि लगेच झाकण ठेवावे. वरून दिलेल्या फोडणीचा वास वाढेपर्यंत टिकतो, त्यामुळे कमी तेलातली भाजीही सासूबाईंना फोडणीची वाटेल.

चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा, हे मुद्दाम सांगते. मी स्वतः कित्येक वर्षे ‘भाजीला एकच पळी तेल घालते’ असे अभिमानाने सांगत असे. एकदा त्या पळीत पाणी भरून ते चमच्याने मोजले, तेव्हा साडेचार चमचे भरले, म्हणजे एका भाजीत सुमारे १८० कॅलरींचे नुसते तेल. तुम्हीही तेलाच्या किटलीतली पळी एकदा अशी मोजून पाहावी, आणि मग ती काढून तिच्या जागी मापाचा चमचा ठेवावा.

परतण्याच्या भाज्यांसाठी आपल्या आज्यांची झाकणीवर पाणी ठेवण्याची रीत पुरेशी आहे. भेंडी सोडून कोबी, फ्लॉवर, गवार आणि बहुतेक फळभाज्या दोन चमचे तेलात परतून वर खोलगट झाकणी ठेवावी आणि तीत पाणी घालावे. आतली वाफ झाकणीला लागून गार होते, थेंब होऊन पुन्हा भाजीत पडते, आणि भाजी आपल्याच अंगच्या पाण्यात शिजते. तळाला लागू लागली तर तेल न घालता झाकणीवरचे तेच गरम पाणी हबका मारून घालावे. भेंडीला मात्र पाणी वर्ज्य. ती चिरून अर्धा तास पसरून ठेवली आणि आमसूल घालून उघड्यावर परतली तर कमी तेलातही चिकट होत नाही. वांगे हे मात्र अप्रामाणिक भाजी आहे, कारण ते स्पंजासारखे कितीही तेल पिते आणि पुन्हा मागते. भरली वांगी करायची असतील तर चिरा दिलेली वांगी आधी मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफवून घ्यावी, मग मसाला भरून दोन-तीन चमचे तेलावर सोडावी; शिजलेले वांगे कच्च्या वांग्याइतके तेल ओढत नाही. तुमच्या भागात वांगी तर्रीशिवाय ओळखूच येत नाहीत, हे मला ठाऊक आहे, परंतु तर्रीचा रंग कांदा-लसूण चटणीचा असतो आणि तो फोडणीच्या पळीतल्या एक चमचा गरम तेलात चटणी घालूनही उतरतो.

वाटणाचा कांदा तेलात परतण्याऐवजी सालासकट गॅसवर भाजावा, सुके खोबरे कोरडेच भाजावे आणि त्यातले निम्मे कमी करून तेवढे डाळे घालावे, म्हणजे रस्सा दाटही होतो आणि हलकाही राहतो. सुक्या खोबऱ्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक आणि शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मी स्निग्धता असते, हे मराठी स्वयंपाकात फार सोयीने विसरले जाते. तेल मोजून घालणारी गृहिणीही कुटाचा डबा मुठीने रिता करते. तरी कूट बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण त्यात प्रथिने आहेत आणि त्याची स्निग्धता मुख्यतः चांगल्या प्रकारची आहे; त्या नमुना ताटातही तेलबिया आणि सुकामेव्यासाठी ३५ ग्रॅमची वेगळी जागा आहे. कूट पातळ भाजीत उकळून हरवण्याऐवजी ज्याच्या-त्याच्या ताटात कोशिंबिरीवर एक चमचा घालावे, म्हणजे तेवढ्याचीच चव चमचाभर कळते.

थोडक्यात आणखी दोन गोष्टी सांगून तेल संपवते. घडीच्या पोळीत आणि पोळीवर मिळून अर्धा-पाऊण चमचा तेल जाते, भाकरीत काहीच जात नाही. तुमच्याकडे शाळूची भाकरी असताना रोज घडीची पोळी कशाला हवी? आणि खारी. ती तोंडात विरघळते म्हणून हलकी समजली जाते, पण तिचा एकेक पापुद्रा वनस्पती तुपाचा थर देऊन सुटा केलेला असतो. भडंगाचेही तसेच आहे: चुरमुरे हलके असले तरी त्यांना चोळलेले तेल आणि आतले शेंगदाणे हलके नसतात.

आता यजमानांकडे वळू, कारण त्यांच्या बाबतीत तुमचा सगळा नेम तेलावर आहे आणि तो थोडा चुकतो आहे. दोन पिशव्या कमी केल्याने माणशी रोज साधारण १३५ कॅलरी वाचतील. त्या वाचवायलाच हव्यात, पण त्यांच्या अहवालाला तेवढ्या पुरणार नाहीत. ट्रायग्लिसराइड हे नाव चरबीचे असले तरी त्याचा मोठा भाग यकृत स्वतःच तयार करते, आणि तेही जास्तीची साखर, मैदा, भात आणि मद्य यांपासून. तीन चहांची सहा चमचे साखर, खारीतला मैदा आणि शनिवारचे ‘बसणे’ या तीन गोष्टी तशाच ठेवून भाजीतले तेल अर्ध्यावर आणले, तर भाजी बिघडेल आणि आकडा फारसा हलणार नाही. साखर आठवड्याला अर्धा चमचा या गतीने उतरवावी, जिभेला कळणारही नाही. शनिवारबद्दल तुम्ही बोलण्यापेक्षा डॉक्टरांनी बोललेले बरे. पुढच्या भेटीत तुम्ही सोबत जा आणि त्यांच्यासमोरच विचारा. फॅटी लिव्हरसाठी वजनाच्या ७ ते १० टक्के घट परिणामकारक ठरते, म्हणजे ८४ किलोंतून सहा ते आठ किलो. ती सहा महिन्यांत व्हावी, सहा आठवड्यांत नव्हे, कारण फार वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, तेव्हा शतपावलीची हजार पावली केली तर हरकत नाही.

नणंदबाई आणि वहिनी यांच्या वादात मी तुमच्या घरात कुणाचीच बाजू घेणार नाही, पण दोन्ही सल्ले कुठून आले ते सांगते. दोनच वेळा, भूक लागेल तेव्हा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, हा विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचवला. थोड्या थोड्या अंतराने खा, ऋतूप्रमाणे आणि आपल्या भागातले खा, तुपाला भिऊ नका, हे ऋजुता दिवेकर सांगत आल्या आहेत. पहिल्या पद्धतीने ज्यांचे वजन उतरते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत मला दिसलेले कारण असे की मधल्या वेळची खारी, चिवडा आणि साखरेचा चहा आपोआप सुटतो. दुसऱ्या सल्ल्यातले ‘तूप’ लोक आनंदाने घरात घेतात आणि ‘आपल्या भुकेपुरते’ हे बाहेर ओसरीवर ठेवतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ६०९ जणांच्या दोन गटांपैकी एकाला वर्षभर कमी स्निग्धतेचा आणि दुसऱ्याला कमी पिष्टाचा आहार दिला होता; वर्षाअखेर सरासरी घट ५.३ आणि ६ किलो निघाली, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नव्हता, आणि दोन्ही गटांत पुष्कळ उतरलेलेही होते आणि चक्क वाढलेलेही. मला त्यातली सूचना महत्त्वाची वाटते ती ही, की दोन्ही गटांना भाज्या भरपूर खा, साखर-मैदा कमी करा आणि होईल तितके घरी शिजवा असे सांगितले होते. घरी शिजवण्याचे काम तुम्ही करतच आहात.

मात्र यजमानांनी डॉक्टरांना न विचारता दोन वेळांचे जेवण सुरू करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, जेवण चुकले तरी साखर खाली आणतच राहतात. घाम फुटणे, हात थरथरणे, चक्कर येणे ही साखर फार उतरल्याची लक्षणे आहेत आणि तो प्रसंग साधा नसतो. गोळीचे नाव तुम्ही कळवलेले नाही, म्हणून एवढे स्पष्ट लिहिते.

चिरंजीवांचे पनीर हा तुमच्या स्वयंपाकघरातला सर्वांत गमतीचा भाग आहे. आई फोडणीतले थेंब मोजते आहे आणि त्याच ओट्यावर २०० ग्रॅम पनीरमधून ४० ते ५० ग्रॅम स्निग्धता एकट्याच्या पोटात जाते आहे. कीटो आहार १९२१ च्या सुमारास अपस्माराच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत वापरण्यासाठी तयार झाला. त्यात पिष्टपदार्थ इतके कमी असतात की दोन केळी खाल्ली तरी दिवसाचा कोटा संपतो. जो मुलगा भाकरी सोडून मित्रांबरोबर पावभाजी खात असेल, त्याने त्याला कीटो म्हणू नये. त्याला प्रथिने हवी आहेत आणि वयाला ती मागणी योग्यच आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन अंडी, मूठभर फुटाणे, ताक, आणि भिजवून पिळलेल्या सोयावड्या, ज्यांत तेल जवळजवळ नसते आणि प्रथिने कोरड्या वजनाच्या निम्म्याने असतात, एवढे त्याच्या ताटात आले की पनीर शंभर ग्रॅमवर आणता येईल. त्याच्याशी वाद घालू नका. पनीर त्याने स्वतः आणावे आणि स्वतः परतावे, एवढीच अट घालावी. तुपासाठी दूध तापवून, फ्रिजमध्ये ठेवून साय काढता, त्याच साय काढलेल्या दुधाचे पनीर तुम्ही घरी केलेत तर तेही चालेल.

सासूबाईंना या सगळ्यातून वगळा. ७६ व्या वर्षी ४१ किलो वजनाच्या बाईसाठी कमी तेलाचा स्वयंपाक नसतोच; त्यांचा प्रश्न वजन टिकवण्याचा आहे. तुमच्या घरच्या त्या अर्ध्या किलो तुपातला मोठा वाटा त्यांच्या मऊ भातावर जाऊ द्या, दुधात साय राहू द्या, भाजीत कूट घालून ती मऊ कुस्करून द्या, आणि महिन्यातून एकदा त्यांचे वजन करा. ते उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नये. डॉक्टरांनी मुलाला सांगितलेले पथ्य आईच्या ताटात कसे शिरले, असा प्रश्न त्यांनी तुम्हाला अजून विचारला नसेल तर त्यांचा स्वभाव फार समंजस आहे.

आणि तुमचे ताट. चौथे ताट पत्रात कुठेच नाही, फक्त ‘उरलेले मीच संपवते’ एवढे एक वाक्य आहे. रात्रीच्या चार पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो, शिळ्या भाताचा फोडणीचा भात होतो, आणि या दोन्हींना ताज्या भाजीपेक्षा जास्त तेल लागते. अन्न टाकवत नाही म्हणून ते सगळे एकाच माणसाकडे येते. पोळ्या मोजून करा, भात एक वाटी कमी लावा, आणि एखादे दिवशी कुणाला अर्धी भाकरी कमी पडली तर पडू द्या. जेवायला बसताना स्वतःचे ताट इतरांबरोबर वाढून घ्या, सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यातून नव्हे. एक वाटी उसळ, दोन वाट्या भाजी-कोशिंबीर, दीड-दोन भाकरी, वाटीभर ताक, आणि एक चमचा तूप तुमच्याही वाट्याचे आहे.

पुढची तेलाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर मार्करने तारीख घालावी आणि ती दहा दिवस पुरते का ते पाहावे. पहिल्या महिन्यात चार पिशव्या लागल्या तरी चालतील. यजमानांची रक्ततपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या आणि तो आकडा मला जरूर कळवा. सोबत तुमचे वजन आणि बेंबीच्या पातळीवर मोजलेला कमरेचा घेरही कळवा, कारण घरातल्या तिघांबद्दल एवढे सविस्तर लिहिताना वयाखेरीज स्वतःचा एकही आकडा तुम्ही दिलेला नाही. घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर तपासणीला यजमानांबरोबर तुम्हीही जावे.